पबसमोरचे मुक्काम

ब्यूर नदी, नॉरफोक
मंगळवार, १० सप्टेंबर १९९१

प्रिय डोरीन,

तू आणि फ्रँक खुशाल असाल. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही म्हणून रागावली असशील, आणि रागावायला तुला कारणही आहे. आम्ही ठीक आहोत. हवा कोरडी आहे, सुट्टीसाठी घेतलेली बोट दरवर्षीचीच आहे, बिछाना मात्र अरुंद झालाय. किंवा आम्ही रुंद झालो असू.

अर्नल्डला या वर्षी पबांचं वेड लागलंय. तुला माहीत आहे ना तो कसा आहे ते? इतकी वर्षं आमचा मुक्काम लव्हाळ्यात, जिथे बदकांशिवाय चिटपाखरू नाही अशा काठावर. बोटीतच सॉसेज तळायचे, चहा प्यायचा आणि अंधार पडला की झोपायचं. आता रोज रात्री बोट पबसमोरच बांधायची. शनिवारी एक पब, रविवारी दुसरा, काल तिसरा. बरं, पीत असेल म्हणावं तर तेही नाही. बिअरचा अर्धा पाइंट घेतो आणि त्यातला निम्मा ठेवून उठतो.

मी अगदी कंटाळून गेलेय. खिडकीतून नदी दिसायच्या ऐवजी लोकांचे बूट दिसतात. तळणाचा वास उशीपर्यंत येतो. पब बंद होईपर्यंत कोणी ना कोणी गात असतं, आणि चांगला गाणारा एकही नाही. धक्क्यावर रात्रभर फुकट बांधू देतात, पण मग जेवण आत घ्यावं लागतं, म्हणून तीन रात्री तीन मटण-पाय. शिवाय तीनच्या आत पोचलं नाही तर जागा भरून जातात. त्यामुळे सगळी सुंदर वळणं मागे टाकत आम्ही धावतोय. काल पवनचक्कीपाशी मी म्हटलं, "अर्नल्ड, इथे थांबूया की रे."

"इथे काय आहे?"

"काही नाही, म्हणून तर."

"काहीच नाही ना? मग चला," म्हणाला आणि गेला पुढे.

एक मात्र खरं. पबसमोर बोट वळवायला लागलं की बाहेर बाकांवर बसलेली माणसं ग्लास खाली ठेवून आपणहून उठतात आणि दोर झेलायला येतात. बोट धक्क्याला लागताना त्यांना स्वस्थ बसवतच नाही. मला नुसता दोर त्यांच्या हातात द्यायचा. उडी मारायची नाही, गाठ मारायची नाही. शनिवारी निघताना माझ्या हातून दोर सुटला होता. ओला होता, असं मी अर्नल्डला सांगितलं.

ओला नव्हता, डोरीन.

उजवा हात थरथरतो. फेब्रुवारीपासून. मांडीवर नुसता ठेवला तरी अंगठा आपला चालू. डॉक्टरांनी इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलंय. दोनदा तारीख मिळाली आणि दोन्ही वेळा मी फोन करून रद्द केली. मेमध्ये व्हिटसनच्या सणाला तुझ्याकडे जेवायला आले नाही, सर्दी झालीय म्हणून कळवलं. सर्दी कसली! तुझ्यासमोर चहा ओतायची भीती वाटली. तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई तू, किटली उचलताना बघितलं असतंस आणि माझं काय झालंय ते मला सांगितलं असतंस. मला ते ऐकायचं नव्हतं. एकदा नाव कळलं की परत न कळल्यासारखं करता येत नाही. मग कोणाच्या लग्नाचा झगा मी शिवणार, आणि या बोटीवर कशी येणार?

अर्नल्डला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. आज इथेच थांबते.

गुरुवार, सकाळ

पत्र टाकायचं राहून गेलं, ते बरंच झालं.

काल दुपारी 'बार्ज' नावाच्या पबशी पोचलो. आम्ही वळायच्या आधीच मालकीणबाई धक्क्यावर उभी. चांगली आडव्या बांध्याची बाई, आवाज नदीच्या दोन्ही काठांना पुरेल असा.

"या, या! मिसेस टॅपलिन ना तुम्ही? त्या हाताला ताण नका देऊ हं! तुमच्या नवऱ्याचा सकाळीच फोन आला होता. जेफ, ऊठ रे, बाईंचा दोर धर!"

सगळ्या बाकांवरचे लोक माझ्या हाताकडे बघायला लागले. जेफने दोर घेतला. दुसऱ्या एकाने, मी काही म्हातारी आजी असावे तसं, माझं कोपर धरून मला उतरवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं बघ. अर्नल्ड इंजिनाकडे इतकं लक्ष देऊन बघत होता, जसं काही तेच आता बोलणार होतं.

रोज सकाळी तो फोनच्या खोक्यात जायचा. भावाकडे ठेवलेल्या आपल्या कबुतरांबद्दल विचारतो म्हणायचा. मी रोज विचारायचे, काय म्हणतात कबुतरं? तो म्हणायचा, बरी आहेत.

आत मटण-पाय खायला न जाता मी त्याला बोटीतच धरलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"मार्चपासून. तू बटाटे सोलायचे बंद केलेस. आपण सालासकट खायला लागलो."

"मग मला बोलला का नाहीस?"

"तू मला सांगितलं नाहीस," तो म्हणाला. "कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, हेझल. पबवाल्यांना सांगितलं."

मला रडू आलं आणि त्याच्या मागोमाग राग आला. मी म्हटलं, "नदीवरच्या झाडून सगळ्या पबांना फोन केलेस. बोट मला चालवायला द्यावी, आपण उडी मारावी, एवढं नाही सुचलं?"

"सुकाणू?" मी त्याची कवळी मागितली असावी तसा त्याचा चेहरा झाला.

तूही इथे आली आहेस, तुला ठाऊक आहे. या नदीवर कुठलीही बोट बघ. नवरा सुकाणूपाशी उभा राहून ओरडतो आणि बायको उड्या मारते. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे उलटंही होऊ शकतं, हे दोघांच्याही डोक्यात कधी आलं नाही. बोट तर चालत्या माणसाच्या वेगाने जाते. तेवढी तर थरथरत्या हातानेही चालते.

अर्नल्ड दोर सोडायला उतरला. मालकीणबाईंना जेवणाचं चुकल्याबद्दल मीच सॉरी म्हणून आले.

संध्याकाळी मागे फिरून पवनचक्कीपाशी आलो. बोट मी काठाला लावली, म्हणजे काठावर आपटली. अर्नल्डने उडी मारली आणि गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. मी सुकाणूपासून ओरडले, "आता! अरे आता बांध! कुठे बघतोयस?" इतक्या वर्षांत तो काय मजा घेत होता, ते मला काल कळलं.

पण त्याने आयुष्यात कधी बोट बांधलेली नाही. दोर आवळून आवळून बांधले. भरतीचं पाणी उतरणार, दोर सैल ठेवायला हवेत, हे मी इतक्या वर्षांत कधी बोललेच नव्हते. मी आपली ठेवत आले. पहाटे पाणी उतरलं आणि बोट दोरांना लटकून कलंडली. किटली पडली, आणि आम्ही दोघं घसरून बिछान्याच्या एका कडेला. तसंच पडल्या पडल्या त्याने माझा हात धरला. हात थरथरत होता, मी मागे घेतला नाही.

"पुढची तारीख कधीची?" त्याने विचारलं. मी सांगितली. चोवीस, मंगळवार. ही रद्द केलेली नाही.

अर्नल्ड येणार आहे. डॉक्टरांसमोर तो इंजिनाकडे बघतो तसा भिंतीकडे बघत बसेल. डोरीन, तू येशील? नर्स म्हणून येऊ नकोस, नर्स तिथे पुष्कळ असतील. नुसती माझ्या शेजारी बस. ते नाव सांगतील तेव्हा मी तुझ्याकडे बघेन. त्या वेळी तू नजर खाली घालू नकोस.

भ्यालेली, पण या खेपेला नक्की जाणारी,
तुझी धाकटी बहीण,
हेझल