भवानीचं गिऱ्हाईक

सोलापूर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. अक्कास,

दर्शीचा नमस्कार. तुम्ही सगळे बरे असाल. भावजींचा गुडघा आता कसा आहे? शेंगाचटणी पोचली. तिखट कमी होतं, म्हणजे तुझ्या हातची नाही, सूनबाईंनी कुटलेली दिसते. चांगली आहे हो, सांग तिला.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू जेवलीस का विचारतेस, मी जेवले म्हणते, आणि झालं. काल तू विचारलंस त्याचं उत्तर तसं देता येईना.

यांची तब्येत आहे तशी आहे. भिंत धरून चालतात. उजवा हात मांडीवर पडलेला असतो, तो डाव्या हातानं उचलून ठेवावा लागतो. बोलणं जड झालंय, पण कळतं. बोलत नाहीत ते वेगळं. दसऱ्याला झटका यायच्या आधी या माणसाला जरा गप्प बसा म्हणून सांगावं लागायचं. ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवून घरी आले तरी जेवणाच्या ताटावर बोटं चालूच.

तुझं म्हणणं पटतं. सामान विकावं, सोलापूर सोडावं आणि अक्कलकोटला तुमच्या माडीवरच्या खोलीत येऊन राहावं. चार माणसांत तरी असू.

इथले लोक उलटं सांगतात. दिवाळीपासून यांचं सगळं सामान पेठेतल्या निंगप्पाकाकांच्या रिकाम्या गाळ्यात पडलंय. कीबोर्ड, माईक, स्पीकर, पोतंभर वायरी, बाजाची पेटी. घरात पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून काकांनी ठेवू दिलं. आता म्हणतात, तिथंच वाद्यांचं दुकान काढा. यांच्यासोबत गिटार वाजवणारा ताबीश तर हात धुऊन मागं लागलाय. "भाभी, सोचो मत. कार्यक्रमाच्या दिवशी तार तुटली, तर ऑनलाईन मागवलेली येईपर्यंत नवरा-नवरीला पोरगं होतंय." त्याचं काही खोटं नाही. आणि मला त्यातलं कळत नाही असंही नाही. लग्न झाल्यापासून यांच्या वायरी मीच गुंडाळते. कुठली पिन कशात जाते, झोपेत विचार.

मग अडलं कुठं? सगळे म्हणतात, यांना गल्ल्यावर बसव, मन रमेल. अक्का, ज्याचा हात गेला त्याला दिवसभर वाद्यांपुढं बसवायचं? येईल तो यांच्यासमोर वाजवून बघणार. गोड बंद झालेल्या माणसाला हलवायाच्या दुकानात बसवल्यासारखं ते.

आणि खरं सांगू का, मला दुकान काढावंसं वाटत होतं ते यांच्यासाठी नव्हतंच. मला घराबाहेर पडायचं होतं. एका कोपऱ्यात हे गप्प, दुसऱ्या कोपऱ्यात मी. मी अजून रडलेले नाही. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेला नंदीध्वज निघाले, सगळी गल्ली हात जोडून उभी होती, मीही होते. आत काही हललं नाही. यांना भरवते, पुसते, कपडे बदलते, पण मोरीतली भांडी घासावीत तसं. कधीकधी माझीच मला भीती वाटते. तीही जास्त वेळ टिकत नाही.

उद्या संध्याकाळपर्यंत काकांना सांगायचंय, नाहीतर ते गाळा मोबाईल दुरुस्तीवाल्याला देणार. मी नाही म्हणून सांगते. तू खोली झाडून ठेव.

बाकी उद्या लिहिते, दूध उतू चाललंय.

सोमवार

अक्का, काल पत्र टाकलं नाही ते बरं झालं की वाईट, तूच ठरव.

आज किल्ली परत द्यायला गेले. यांना एकट्याला ठेवता येत नाही म्हणून रिक्षानं सोबत नेलं, खुर्चीत बसवलं. जागा द्यायची तर घाण कशी द्यायची, म्हणून झाडलं, फरशी पुसली. सोमवार होता. सवयीनं सिद्धरामेश्वरांच्या फोटोपुढं उदबत्ती लावली. एवढीच चूक केली. शटर वर, फरशी ओली, उदबत्तीचा वास. पेठेत याचा अर्थ एकच होतो.

एक म्हातारबाबा चपला बाहेर काढून आत आले. जेऊरचे, ज्ञानबा नाव.

"नवं दुकान व्हय? भवानी झाली का?"

म्हटलं, दुकान नाही हो हे.

"मग उदबत्ती कशाला लावलीया?" त्यांनी सरळ पेटीकडं बोट केलं. "भजनाला पायजे. आमच्या पेटीचा भाता उंदरानं खाल्ला की."

ती पेटी, अक्का. माझ्या हळदीला आपल्या अंगणात हे वाजवत होते ती. मी म्हटलं, विकायची नाही.

मागून आवाज आला. "भवानीचं... परत नाही... पाठवायचं."

सासऱ्यांचं किराणा दुकान तुला आठवत असेल. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं की ते संध्याकाळपर्यंत तोंड पाडून बसायचे. हे त्यांचेच चिरंजीव.

"वाजवून दावा की," ज्ञानबा म्हणाले. "न ऐकता पेटी कशी घ्यायची?"

मला वाटलं, झालं आता. पण यांनी डाव्या हातानं खटके काढले आणि माझ्याकडं बघितलं. एकाच हातानं भाता मारायचा की पट्ट्या दाबायच्या? मी पलीकडं जाऊन बसले आणि भाता मारायला लागले. इतक्या जोरात की पेटी नुसती किंचाळली.

"मेल्लग," हे म्हणाले.

"काय म्हंतेत?" ज्ञानबांनी विचारलं.

"कानडीत बोलले. हळू मार म्हणतात," मी सांगितलं.

हळू मारला. डावी बोटं 'सा'पासून वर गेली, एका काळ्या पट्टीवर अडखळली. परत खाली आली, परत गेली, परत तिथंच अडखळली. ज्ञानबा डोळे मिटून ऐकत होते. "पेटीत खोट न्हाय," म्हणाले. पैसे मोजून दिले आणि पेटी टॉवेलात गुंडाळून, खांद्यावर घेऊन गेले.

पेटीखालची फरशी पुसायची राहिली होती. तिथं धुळीचा चौकोन होता. मी त्याच्याकडं बघत उभी राहिले. आता हे रडतील, नाहीतर मी. कुणीच रडलं नाही. हेही त्या चौकोनाकडंच बघत होते.

मग म्हणाले, "दुसरी आण."

मी तेवढी फरशी पुसून घेतली. काका आले तेव्हा किल्ली माझ्या कमरेलाच होती. ती बघून ते आल्या पावली माघारी गेले.

दुकान चालेल का, माहीत नाही. यांचं मन रमेल का, तेही नाही. आनंद झाला असं लिहिणार नाही, कारण झालेला नाही. पण भाता मारून उजवा खांदा भरून आलाय, पेन नीट धरवत नाही. दसऱ्यापासून पहिल्यांदा माझं काहीतरी दुखतंय. तू लगेच तेल पाठवशील. नको पाठवू.

माडीवरची खोली रिकामी ठेवू नकोस. यंदाची ज्वारी भर तिच्यात.

दुखऱ्या हातानं,
तुझी दर्शी