तळव्यांची आग

१२ नोव्हेंबर १९९८, मढ
आज दुकान उघडलं. जुन्नरहून आलेल्या आमच्या धरमचंदकाकांनी नारळ फोडला, पेढे वाटले. सिद्धी आणि मुलं शाळेपायी जुन्नरलाच. मागच्या दोन खोल्यांत आठवडाभरापासून मी एकटा. झाडलोटीला शेजारच्या चिमाबाई येतात. भातकापणी उरकलीय, त्यामुळे दुपारी ओट्यावर गप्पांचा फड जमतो. 'जिनेशशेठ' अशी हाक आली की बरं वाटतं. इथे आपलं चांगलं होणार.

२० नोव्हेंबर
तळपायांची फार आग होते. चादरसुद्धा टोचते. चिमाबाईंनी काशाची वाटी आणून दिली. तूप लावून घासली. तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

३ डिसेंबर
जुन्नरला डॉक्टरांकडे जाऊन आलो. साखर भयंकर वाढलीय, तिनं पायांच्या नसा खराब केल्यात म्हणाले. साखरेची गोळी वेगळी, नसांच्या दुखण्याची वेगळी. ती हळूहळू लागू पडेल. अनवाणी चालायचं नाही, तळवे रोज आरशात बघायचे. धीर धरा, म्हणाले.

११ डिसेंबर
धीर कुठून आणू? सुया, निखारे, मध्येच विजेचा झटका. घमेल्यातल्या गार पाण्यात पाय घालून गल्ल्यावर बसतो. आज एका म्हातारीवर विनाकारण ओरडलो.

२ जानेवारी १९९९
थांबलं! सकाळी उठलो तर आग नाही. पाय कापसाचे झालेत जणू. सिद्धीला फोन केला, दोघंही रडलो. गोळ्या बंद. घरभर अनवाणी हिंडलो.

९ जानेवारी
फरशीवर रक्ताची पावलं. दुकानापासून मोरीपर्यंत. कडी तर आतून होती. चिमाबाई उंबऱ्यातच थबकल्या. "शेठ, घरात कोन तरी चालतंय. मी न्हाई येनार आत."

१० जानेवारी
पुसली. पुन्हा उमटली. ओली. स्वयंपाकघरात गेलो, मागे. वळलो, मागे. माझ्याच मागे—

दुपारी
आरसा धरला. टाचेत खोक्याचा खिळा. पार आत. भोवती काळं. धरून हलवला— काहीच नाही. दुखू दे रे. एकदा तरी दुखू दे—

११ जानेवारी
सिद्धी जीप घेऊन निघालीय. पुण्याला न्यायचं. डॉक्टर फोनवर म्हणाले, आग थांबली म्हणजे नस बरी झाली नव्हे, मेली. पाय वाचेल का विचारलं. आधी निघा, म्हणाले.
वास येतोय.
दोन दिवस हातांना मुंग्या होत्या. आज त्याही थांबल्या. चहाचा पेला हातात आहे असं वाटत होतं— खाली फुटून पडलेला. हे पेनसुद्धा बोटांत आहे की नाही, बघितल्याशिवाय मला—