सोबतीची सही

पुणे, १० नोव्हेंबर २०२४

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, मग मी ओरडते, तुम्ही त्याहून मोठ्यानं ओरडता, आणि मला सर्दी झाली ते अख्ख्या ईट गावाला कळतं. त्यापेक्षा हे बरं.

परवा लॅबमधून येताना मुद्दाम तुमच्या गोल्फच्या मैदानावरून आले. तीस वर्षं माळी म्हणून जिथलं गवत राखलंत, तिथं फाटकावर कागद लावलाय. साठीपुढच्या हौशी खेळाडूंची स्पर्धा, १६ फेब्रुवारीला. पहिल्यांदाच उतरणाऱ्यांनाही घेणार आहेत. फक्त नऊ खड्ड्यांच्या तीन फेऱ्यांची कार्डं ३१ जानेवारीच्या आत द्यायची आणि तिन्ही साठ फटक्यांच्या आत हवीत. मैदान कुठलंही चालेल, पण प्रत्येक कार्डावर सोबत खेळणाऱ्याची सही पाहिजे. एकट्यानं खेळलेलं धरत नाहीत.

आप्पा, सोमवारी साहेबलोक नसले की तुम्हाला मागच्या दारानं आत जाऊन खेळू द्यायचे. एकदा पुढच्या फाटकानं आत जायचं आणि स्पर्धेतल्या खेळाडूंच्या फळ्यावर आपलं नाव बघायचं, असं तुम्ही आईला म्हणायचात. मी अभ्यासाचं नाटक करत सगळं ऐकायचे. आता फी मी भरते, तुम्ही फक्त खेळा. नाही म्हणालात तर कट्टी.

माझं म्हणाल तर खोली, लॅब आणि डबा. जेवताना समोर मोबाइल उभा करून ठेवते, म्हणजे कुणीतरी बोलत राहतं.

शेवटी घरातल्या सगळ्यांना नमस्कार लिहायची पद्धत आहे. घरात आता तुम्ही एकटेच, तेव्हा सगळे तुम्हीच घ्या.

तुमची,
आरोही


ईट, ता. भूम, २४ नोव्हेंबर २०२४

चि. आरोहीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. म्या तीनदा वाचलं. फळ्याचं तुला ठाऊक हाय म्हणून लाज वाटली, पण खोटं कशाला बोलू? या वयात तेवढी एकच हौस राहिलीय.

वरच्या माळावर नऊ खड्डे आधीच हैत. डालड्याचे डबे पुरलेत, झेंड्याला तुझ्या आईच्या हिरव्या लुगड्याच्या पट्ट्या लावल्यात. काठ्या चारच, त्या एका साहेबानं जाताना दिलेल्या. चेंडू मैदानाच्या तळ्यातनं काढलेले. बूट कॅनव्हासचे. खड्ड्याभोवती रोज घागरीनं पाणी घालून गवत जगवलंय. मोठ्या मैदानासारखं मऊ न्हाय, पण चेंडू पळतो.

बिरदेव शेळ्या घेऊन येतो आन् रोज विचारतो, काय हरवलंय का? हरिबानं तर चहाच्या हाटेलात सांगून टाकलं, की बायको गेल्यापासून महारुद्राचं डोकं फिरलंय, माळावर साप मारत हिंडतो. अख्ख्या जिल्ह्यात हा खेळ खेळणारा म्या एकटाच असंन. चांगला फटका बसला की मागं वळून बघायची खोड लागलीय. मागं कुणी नसतं.

सहीची काळजी करू नको. सोबतीचं म्या बघतो. कार्डं टपालानं धाडतो, तू तेवढी कचेरीत नेऊन दे.

वेळेवर जेव. त्या मोबाइलपुढं ताट ठेवू नको, त्याला भूक नसती.

तुझा,
आप्पा


पुणे, २२ डिसेंबर २०२४

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

कार्डं मिळाली. पाकीट मी उघडलं नव्हतं, तसंच मैदानाच्या कचेरीत नेऊन दिलं. तिथल्या बाईंनी कार्डं चाळली आणि खूश झाल्या. म्हणाल्या, तुमच्या वडिलांचे छप्पन्न, अठ्ठावन्न, सत्तावन्न, छानच आहे. पण सोबत खेळणाऱ्या बाई त्यांच्याहून चांगल्या खेळतात, तीनही वेळा त्याच पुढं. त्यांचंही नाव घालू या का, असं त्यांनी विचारलं.

मी कार्ड हातात घेतलं. खाली सही होती. दगडाबाई. बचत गटात आई करायची तशीच, एकेक अक्षर सुटं, उतरत गेलेलं.

काहीतरी चूक झाली एवढंच पुटपुटले आणि कार्डं परत घेतली. बाहेर बाकावर बसून रडले. वॉचमनमामांनी पाणी आणून दिलं.

आप्पा, आईला जाऊन दोन वर्षं झाली. तुम्ही कधी कुणाची काडीसुद्धा उचलली नाहीत, आणि हे काय केलंत? लोकांना कळलं असतं तर तीस वर्षांच्या नावाची माती झाली असती. मला राग आलाय. कशाचा जास्त आलाय ते मला नीट कळत नाही, म्हणून पत्र इथंच थांबवते.

आरोही


ईट, ३० डिसेंबर २०२४

चि. आरोहीस,
अ. उ. आ.

चुकलो. आधी तेवढं लिहितो.

आता खरं काय ते सांगतो. रिटायर होऊन आमी गावी आलो तवा तुझी आई माळावर बाभळीखाली बसून मला शिव्या द्यायची. मग एक दिवस उठली, काठी घेतली आन् पहिल्याच फटक्यात चेंडू सरळ घातला. तवापासून रोज दोघं खेळायचो. ती गेल्यावर तेरावं झालं, म्या माळावर गेलो आन् सवयीनं दोन चेंडू ठेवले. मग रोजच ठेवत गेलो. एक माझा, एक तिचा. तिच्या चेंडूला म्या नीट, सावकाश मारतो, माझ्याला घाईत. म्हणून ती जिंकती.

फटका एकबी कमी लिहिला न्हाय बघ. सही करताना मला खोटं वाटलंच न्हाय. आज तुझं पत्र वाचून वाटलं. ती कार्डं फाडून टाक. फळ्याचं म्या सोडून दिलं.

राग धर, पण पत्र सोडू नको. टपालवाल्याची सायकल दिसली की म्या उगाच दारात येतो.

आप्पा


पुणे, १२ जानेवारी २०२५

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

कार्डं फाडली नाहीत, डब्यात जपून ठेवलीत. आईच्या नावाचं काही फाडायचं माझ्यानं होत नाही.

आता ऐका, म्हणजे वाचा. दोन रविवार मी पैसे देऊन चेंडू मारायला शिकतेय. पहिल्या दिवशी काठीच चेंडूपेक्षा लांब गेली. नियमांचं पुस्तकही आणलंय. डबा खाताना मोबाइलच्या जागी आता तेच असतं. २५ तारखेच्या गाडीनं येते, तीन दिवस रजा आहे. रोज एक फेरी खेळू. सही माझी. माझे कितीही फटके होऊ देत, हसायचं नाही.

पण मी आई नाही, आप्पा. जे बघेन तेच लिहीन.

भाकरीबरोबर ठेचा करून ठेवा. माझ्यावरची माया अजून शिल्लक असेल तर त्यात दाणे जास्त घाला.

आरोही


ईट, २ फेब्रुवारी २०२५

चि. आरोहीस,
अ. उ. आ.

तू सुखरूप पोचलीस ते फोनवर कळलं. तू रडत व्हतीस का काय ते ऐकू आलं न्हाय, पण एस्टीच्या खिडकीत तुझं तोंड बघितलं व्हतं म्या.

पोरी, उगं जीव जाळू नको. पहिले दोन दिवस अठ्ठावन्न आन् सत्तावन्न झाले, तवा मलाबी वाटलं, जमलं. तिसऱ्या दिवशी आठव्या खड्ड्यापाशी पाणी झिरपतं तिथं माझा चेंडू थांबला, आन् त्याच्या मागं लव्हाळा उगवलेला. तीस वर्षं लव्हाळा दिसला की उपटायचा, दुसरं काय केलं म्या? हात गेलाच. उपटून खिशातबी घातला. तू म्हणालीस, आप्पा, चेंडूमागचं उगवतं गवत काढलं की दोन फटके दंड. माझ्या एकोणसाठचे एकसष्ट झाले. तू कार्डावर तेच लिहिलंस.

खरं सांगतो, आधी मला राग आला. वाटलं, पोटची पोर, दोन फटके सोडले असते तर काय बिघडलं असतं? तुझी रजा संपलेली, मुदत संपत आलेली. पण तू गेल्यावर माळावर बसून इचार केला. या दोन वर्षांत त्या ओलीत म्या किती लव्हाळा उपटला असंन, देवाला ठाऊक. एकदाबी तो लिहिला न्हाय. तुझ्या आईनं मला अडवलं न्हाय, कारण ती तिथं नव्हतीच. दोन वर्षांनी मला कुणीतरी चुकलात म्हणालं. घरी आलो, तुझ्या ताटाच्या जागी बसलो आन् लई रडलो. मग बरं वाटलं.

फळ्यावर नाव पुढच्या वर्षी लागंल, न्हायतर न्हाय लागणार. काल सकाळी माळावर जाऊन खिशातनं दोन चेंडू काढले आन् एक परत ठेवला. तो तुझा हाय, त्याला म्या मारणार न्हाय. एकाच चेंडूनं खेळलो. नऊ खड्डे लई लवकर संपले.

आठव्यापाशी लव्हाळा पुन्हा वर आलाय. हात लावला न्हाय. तू ये, मग बघू.

मायेत कमी करू नको, आन् कार्डात सूट देऊ नको.

तुझा,
आप्पा