आठ ओहमची वाटणी

सोमवार, २ सप्टेंबर

चि. बारक्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, बाबा ठणठणीत आहेत. फोन केला की तू तो बायकोच्या हातात देतोस आणि मागून टीव्हीचा आवाज वाढवतोस, म्हणून लिहायला बसले. हे पत्रही तिच्याच हातात दिलंस तरी चालेल, ती तुला वाचून दाखवेल.

तर मुद्द्याचं. माझा एक बँड आहे. गाणारी, ड्रमवाला, कीबोर्डवाला आणि बेस गिटारवर मी. दिवसभर मी लोकांना गाडी चालवायला शिकवते, तेव्हा माझा आवाज पुढच्या चौकापर्यंत जातो. बँडमध्ये मात्र मी वाजवतेय की गिटार नुसती गळ्यात अडकवून उभी आहे, हे माझं मलाच कळत नाही. आता एका रेस्टॉरंटच्या मालकाने आम्हाला दर शनिवारी वाजवायला बोलावलंय. एकवीस तारखेला तो एकदा ऐकणार आणि मग पक्कं करणार. पण त्याचं स्टेज एवढंसं, म्हणाला तिघंच मावतील. यावर कीबोर्डवाल्याने मोठ्या मनाने सुचवलं की बेसची काळजी नको, ते काम त्याचा डावा हात करेल. बारक्या, माझ्या जागी एक हात येतोय. अख्खा माणूस आला असता तर मी समजून तरी घेतलं असतं.

ड्रमवाला प्राण्यांचा डॉक्टर आहे, त्याला गोड बोलायची सवय नाही. तो म्हणाला की मी बहुतेक चांगलंच वाजवत असेन, पण त्याच्यापर्यंत काही पोचत नाही.

गिटारचा आवाज वाढवणारा माझा अॅम्प छोटा आहे, कबूल. पण तोच अॅम्प आपल्या स्पीकरच्या दोन पेट्यांवर लावला की भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं, हे तू विसरला नसशील. सुतारकामाचं वर्कशॉप बंद करताना बाबांनी सगळं निम्मं निम्मं केलं, त्यात त्यांनीच बनवलेल्या या पेट्याही एकेक झाल्या. जेवणाचं टेबल करवतीने मधोमध कापून दोन्ही पोरांना अर्धं अर्धं देणारा बाप आपल्याच नशिबी आला, तिथे पेट्यांचं काय घेऊन बसलास. तुझी पेटी तुझ्या चष्म्याच्या दुकानात पिशव्या ठेवायच्या कामी येते, असं कानावर आलंय. ती मला दे. पिशव्यांना मी स्टूल पाठवते.

कळावे. लोभ निदान निम्मा असावा.
तुझी ताई


शुक्रवार, ६ सप्टेंबर

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. आठातली सात अंगं टेकतात, पोट मध्ये येतं, तेवढं सांभाळून घे.

पत्र पोचलं. मीच वाचलं. पेटी मिळणार नाही.

कारण तुला माहीत आहे, तरी सांगतो. अॅम्प करवतीने कापता येईना म्हणून बाबांनी नाणं उडवलं. तुझा छापा आला आणि मला बदल्यात ड्रिल मशीन मिळालं. ताई, बेस तुला मी शिकवला. तुझी बोटं तारेवर दाबून धरायचो आणि तू मला चापट्या मारायचीस. तो अॅम्प बगलेत मारून निघालीस तेव्हा दारातून वळून म्हणालीस की ड्रिलचाही सूर बरा लागतो. सगळे हसले, मीही हसलो. त्याला चार वर्षं झाली. माझी गिटार कपाटावर पडून आहे आणि तिच्यावर बायकोने जादा उशा रचल्यात.

शिवाय पेटी आता दुकानाची झालीय. तिच्यावर उभी राहून बारकी पोरं आरशात नवा चष्मा बघतात. ती गेली तर पोरांना कडेवर कोण घेणार, मी?

पण तू अॅम्पचं वाटोळं करशील, ते मला बघवणार नाही. म्हणून नीट वाच. अॅम्पच्या पाठीवर लिहिलंय, कमीत कमी चार ओहम. ओहम म्हणजे पेटी विजेला किती अडवते ते. तुझी पेटी आठची, ती एकटी असली की अडवते जास्त आणि अॅम्पचा जोर निम्मा आतच राहतो. तिला आठचीच दुसरी जोडली की वाट रुंद होते, दोघी मिळून चार ओहम होतात. एका टाकीचे दोन नळ सोडल्यावर पाणी जास्त यावं, तसं. तेव्हा कुठे अॅम्प पूर्ण मोकळा होतो. पण दिसेल ती पेटी उचलून आणलीस तर चारच्या खाली जाशील आणि अॅम्प झेपेल त्यापेक्षा जास्त ओतायला जाऊन तापेल. आणि पेटीला पेटी जोडायला स्पीकरची जाड वायरच लाव. गिटारची बारीक वायरही त्याच भोकात बसते, म्हणून खुपसू नकोस.

तेव्हा आठची एक विकत घे. माझी मागू नकोस.

बाबांना नमस्कार. लोभ वाटणीत आला तेवढा आहे, त्यात भागव.
बारक्या


गुरुवार, १२ सप्टेंबर

चि. बारक्यास,
भाजलेल्या बोटाने लिहिलेले आशीर्वाद.

तू म्हणालास तेच झालं, म्हणजे अर्थात मी तुझं ऐकलं नाही. आठची पेटी दुकानात मागवावी लागते, ती यायला महिना जाणार. तेवढ्यात गाणारीच्या नवऱ्याने कुठल्याशा हॉलमधून फ्रिजएवढी एक पेटी आणून दिली. मागे चार लिहिलं होतं. मी म्हटलं, आठ आणि चार बारा, अॅम्पला हवेत चार, म्हणजे आठ शिल्लकच राहतात. जोडलं.

पहिलं गाणं असं वाजलं म्हणून सांगू. ड्रमवाल्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, दोन वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्या गाण्याच्या मध्यात अॅम्प गप्प झाला. हात लावला तर तवा. तो थंड झाल्यावर पुन्हा सुरू झाला, नशीब माझं. ही बेरीज नव्हती हे मला आता कळलंय, पुन्हा समजावत बसू नकोस.

पण खरी गोष्ट ती नाही. मी थांबले आणि गाणं थांबलं नाही. कीबोर्डवाल्याचा डावा हात मजेत चालला होता, आणि कुणाला काही कमी पडल्यासारखं दिसलं नाही. मी गिटार गळ्यात घेऊन गाणं संपायची वाट बघत उभी होते. इतकं वाईट मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

ड्रिलचं मी बोलले खरं. आपल्या घरात चेष्टा हीच पोळीभाजी, तुला लागेल असं डोक्यात आलं नाही. तुझी गिटार उशांखाली आहे हे वाचून मात्र मी ताट सारून उठले. तू माझ्याहून चांगला वाजवायचास, हे लिहून देते, फ्रेम करून दुकानात लाव.

पेटी राहू दे. पोरांना आरसा दिसला पाहिजे.

कळावे. लोभ पाठवलास तर आठ ओहमचाच पाठव, चारचा सोसत नाही.
ताई


शुक्रवार, १३ सप्टेंबर

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

ताईने तुझं पत्र मला वाचून दाखवलं. तिने गाळलेला भाग मी नंतर स्वतः वाचला. चष्मा तू दिलेलाच आहे, छान दिसतं.

लहानपणी तुम्ही दोघं एका बिस्किटाच्या दोन तुकड्यांवर माझी पट्टी लावून बघायचात. तेव्हापासून मी तुम्हाला मोजूनच देत आलो. टेबल कापलं, कुणी ओरडलं नाही. घडीच्या शिडीचे दोन भाग केले, तेव्हाही नाही. आता पेट्यांवरून माझ्याकडे बोट दाखवता. माझं माप चुकलेलं नाही. दोन्ही पेट्या एकाच फळीतून काढल्या, दोन्ही सारख्या. हे ओहम कुठल्या पट्टीवर मोजतात ते मला कुणी सांगितलं नव्हतं. जोडीनेच चालायचं काम आहे असं सांगितलं असतं तर मी हात लावला नसता.

ताई रोज संध्याकाळी आतल्या खोलीत वाजवते. मला काही ऐकू येत नाही म्हणून मी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. त्याने कान उत्तम असल्याचं सांगितलं आणि वर उगाच आल्याबद्दल रागावला. हा त्रास तुमच्यामुळे झाला.

पेटी दे किंवा देऊ नकोस, ती तुझ्या हिश्शाची आहे. पण अर्ध्या टेबलाची कापलेली बाजू भिंतीला लागलेली असते, तिथे जेवायला बसलं की समोर भिंत येते. हे माझ्या लक्षात आधी आलं नव्हतं.

सूनबाईस आशीर्वाद. माया दोघांवर सारखीच आहे, मोजून बघायला हरकत नाही.
तुझे बाबा


मंगळवार, १७ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न.

बाबांना पुढे करणं हा रडीचा डाव आहे. चालला, हे वेगळं.

काल पेटी उघडली. स्पीकर धड आहे. पुढच्या भोकातून पोरांनी आत टाकलेल्या वस्तू निघाल्या: चष्म्याच्या दोन काड्या, खेळण्यातली गाडी, आणि ज्या लेन्ससाठी मी माझ्या मदतनिसाला चोर ठरवलं होतं ती लेन्स. त्याची माफी मागितली. सध्या माफीचा हंगाम दिसतोय.

शनिवारी पेटी घेऊन मी स्वतः येतो. अटी ऐक. जोडणी मी करणार, तू लांब उभी राहायचं. माझी कुणाशी ओळख करून द्यायची नाही. आणि मला वाजवायला सांगायचं नाही, मी ऐकायला येतोय.

लोभाचं प्रत्यक्ष भेटीत बघू.
बारक्या


सोमवार, २३ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. पाठ धरली आहे, वाकून करता येत नाही.

परवा तू सामान गाड्यांत भरायच्या गडबडीत होतीस, बोलणं झालं नाही, म्हणून लिहितो. तू स्टेजवर होतीस, तुला समोरचं दिसलं नसेल. तू पहिली तार छेडलीस आणि माझ्या टेबलावरचा चमचा बशीवर वाजला. मालक गल्ल्यावर नोटा मोजत होता, तो मोजायचा थांबला. कीबोर्डवाल्याचा डावा हात दुसऱ्या गाण्यापर्यंत लढला. तिसऱ्यात तो हात डोकं खाजवायला गेला आणि पुन्हा परत आला नाही. मालकाने चौघांनाही ठेवलं आणि कीबोर्ड स्टेजखाली हात धुवायच्या बेसिनजवळ लावायला सांगितला, तेव्हा त्या माणसाच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. म्हणजे मी बघितलं, बराच वेळ.

बाबा टेबलावर तळवा ठेवून बसले होते. मला वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये. विचारलं तर म्हणाले, लाकडातून येतंय. मग उठून प्रत्येक टेबलापाशी गेले आणि पेट्या कुणी बनवल्या ते सांगून आले. वेटरलाही सोडलं नाही.

आता तुझ्याबद्दल. तू आता नीट ऐकू येतेस, त्यामुळे चौथ्या गाण्यात तू दोनदा चुकलीस हेही नीट ऐकू आलं. शेवटच्या गाण्याला तू अट मोडून गिटार माझ्या गळ्यात घातलीस. मला राग आला होता. बोटांची सालं निघालीत, दुकानात बारीक स्क्रू धरता येत नाही, आणि मी कालपासून वेड्यासारखा खूश आहे. बायकोने उशा दुसरीकडे हलवल्या.

अॅम्प तुझ्याकडे, दोन्ही पेट्या तुझ्याकडे ठेवून आलो. पोरांना स्टूल पुरतं. पण मग माझा हिस्सा काय, असा प्रश्न गाडीत पडला. म्हणून एका पेटीतून दुसरीत जाणारी जाड वायर मी काढून आणली. दुकानात खुंटीला टांगली आहे. येत्या शनिवारी ती लागेल. मी ती कुरियरने पाठवत नाही.

लोभ वायरीबरोबर येईल.
बारक्या


गुरुवार, २६ सप्टेंबर

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद, आणि एक शिवी जी बाबांसमोर लिहिता येत नाही.

वायर सापडेना म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं. बाबांवर संशय घेतला, त्यांनी दोन वेळा जेवताना माझ्याशी अबोला धरला. तुझं पत्र आल्यावर त्यांनी ते मोठ्याने वाचायला लावलं आणि वाटणी आता बरोबर झाली असा निकाल दिला. मग उठून अर्धं टेबल भिंतीपासून ओढलं आणि पलीकडे खुर्ची ठेवली.

तसली वायर काही जगात एकच नाही. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलशेजारीच वाद्यांचं दुकान आहे. काल गेले. त्याने भेंडोळं काढलं, किती कापू विचारलं, कात्रीही हातात घेतली.

तुझ्या गिटारच्या तारा घेतल्या आणि घरी आले. वायर घेतली नाही. शनिवारी लवकर निघ.

ताई