दोरा तोडायची जागा

प्रिय चिमणे,

शेजारच्या रिकाम्या घरात नवा भाडेकरू आलाय. पन्नाशीचा, एकटा, व्हायोलिन शिकवतो. दिसायला सभ्य, जिन्यात भेटला की आधी तोच हसतो, आणि तिथेच माझं डोकं चालायला लागलं. जन्मभर बसमध्ये तिकिटं तपासली मी. जो आपण होऊन हसतो त्याचं तिकीट आधी बघायचं, हा माझा शिरस्ता. तुझी आई म्हणायची, ह्यांना चहात साखर घातली याचाही पुरावा लागतो.

गेल्या आठवड्यात दुपारी पेपर घेऊन पडलो होतो, तर भिंतीपलीकडून आईची चाल आली. हो, तीच! शिवणाच्या मशीनवर बसली की गुणगुणायची ती, बिनशब्दांची, तिने स्वतःच रचलेली. मी ताडकन उठून बसलो. मधली थांबायची जागासुद्धा तीच. तिथे ती दातांनी दोरा तोडायची, म्हणून चाल जराशी अडायची. ही जागा काही रेडिओवर मिळत नाही. ती माहीत असायला माणूस तिच्या मशीनशेजारी बसलेला हवा.

पुढचं लिहायला लाज वाटते, पण तुला नाही तर कुणाला सांगू? हा आधी कुठे राहायचा, आई शिवलेले कपडे पोचवायला कुठे कुठे जायची, मी ड्यूटीवर असताना घरी कोण कोण यायचं, सगळं उकरत बसलो. गेलेल्या माणसाची झडती घेतली मी. तिच्या फोटोकडे बघवेना. मग वाटलं, तूच कधीतरी तिचं गुणगुणणं फोनमध्ये भरून घेतलं असशील आणि ते फिरत फिरत याच्यापर्यंत आलं असेल. म्हणून तर परवा फोनवर आडून आडून विचारत होतो. तू म्हणालीस, बाबा, मला त्या विषयावर बोलायचं नाही. झालं! माझा संशय आणखीच बळावला.

शेवटी काल सकाळी वाटी घेऊन साखर मागायच्या निमित्ताने गेलो. दोन खुर्च्या, कागद लावायचा स्टँड, खिडकीत वाळत घातलेले मोजे. वाटी पुढे करायचं राहिलं बाजूला, मी एकदम तपासनिसाच्या आवाजात विचारलं, ती चाल कुठून आणलीत? तो गोंधळलाच. म्हणाला, ‘अहो, तुमच्याकडूनच की! रोज दाढी करताना म्हणता ना? बाथरूमची भिंत पातळ आहे.’ मी म्हटलं शक्यच नाही, मी आणि गाणं? तेव्हा त्याने वाजवून दाखवली आणि एका सुरावर थांबून चाचरत म्हणाला, ‘इथे तुम्ही जरा उतरता. आधी वाटलं चुकून होत असेल, पण रोज तिथेच उतरता, म्हणून मीही तसंच ठेवलं.’

चिमणे, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं, ह्याच सुरावर तू लहानपणी कान झाकून ‘बाबा, असं नाहीये ते!’ म्हणून ओरडायचीस, आणि आई मशीन थांबवून हसायची. मी आठवडाभर तिच्यावर संशय घेतला, आणि ती बिचारी रोज सकाळी आरशासमोर माझ्याच तोंडी होती. मला पत्ताच नाही. त्या परक्या माणसाच्या घरात ढसाढसा रडलो. त्याने पाणी दिलं, आणि वाटीत साखरही घातली.

पण एवढंच सांगायला पत्र लिहिलं नाही. तो म्हणतो, खरा सूर सांगा, मी नीट बसवतो आणि मुलांनाही शिकवतो. मला तो सांगता येत नाही गं. किती आठवलं तरी माझाच पडका सूर कानात येतो, आईचा निसटलाय. तो आता फक्त तुझ्याकडे आहे. ती गेल्यापासून तू गायली नाहीस, कुणी विषय काढला तर उठून जातेस, हे मी बघतो आणि गप्प बसतो. आज मात्र हट्ट करतोय. एकदा ये. अख्खी चाल नको, तेवढा एक सूर लावून दे. मी दुसऱ्या खोलीत बसेन, तुझ्याकडे बघणारसुद्धा नाही. नाहीतर ती मुलं मोठी होऊन माझीच चूक गात राहतील, आणि लोक म्हणतील, ही चाल जिची, ती बाई बेसूर होती.

तुझाच,
बाबा