माझंच कलम सहा

३ मार्च

लागलं एकदाचं भांडण! सकाळी दूध तापत ठेवून ग्रुप उघडला तर एकशे चाळीस निरोप. दूध गेलं उतू. मी वाचत बसले.

झालं काय — तोफखान्यानं परवा एका नवख्याला फाडून खाल्लं. त्यानं यांच्या शिवणाच्या प्रोग्राममधल्या कॉलरची दुरुस्ती पाठवली होती, चुकलेली. तोफखाना लिहितो, "हे लिहिताना डोकं घरी ठेवलं होतं का?" पुढं आणखी चार ओळी, त्या इथं उतरवत नाही, वही खराब होईल. नवखा न सांगता निघून गेला. या वर्षातला हा तिसरा. म्हणून मास्तर म्हणतात, आचारसंहिता हवी. ग्रुपात कसं बोलायचं, कसं वागायचं, त्याचे लेखी नियम.

यांनी हा प्रोग्राम लिहिला तो माझ्यासाठी. मी शिवणकाम करायची. मापं घातली की हा कागदावर कपडा बेतून द्यायचा. मग यांनी तो सगळ्यांना फुकट दिला, आतलं सगळं उघडं ठेवलं. ज्याला जमेल त्यानं सुधारावं. हे जाऊन दोन वर्षं झाली, प्रोग्राम चालूच आहे. कुठली कुठली माणसं, एकमेकांचं तोंड न पाहिलेली, यांचं काम पुढं नेतात. मला कोडातलं ओ की ठो कळत नाही. मी आपली बाही कुठं ओढते ते सांगते, आणि सगळ्यांना नावं ठेवते. मास्तर चुका काढतात म्हणून मास्तर. तोफखाना कळलाच असेल. नर्सबाई खरीच नर्स आहे. मला सगळे काकू म्हणतात.

खरं सांगू? दिवसभरात मी तोंड उघडते ते तिथंच. घरात कुणाशी बोलू, शिलाई मशीनशी?

५ मार्च

तीनशे निरोप! एवढ्यात चार शर्ट शिवून झाले असते.

तोफखाना — "कोड चांगला असला की पुरे. तोंड कसं का असेना." नर्सबाई — "आमच्या वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरचंही असंच म्हणणं होतं. तीन सिस्टर सोडून गेल्या." कुणीतरी — "नियम केले की चुगल्या सुरू." दुसरं कुणीतरी कुठल्या तरी मोठ्या प्रोग्रामचे नियम जसेच्या तसे आणून टाकतं. सतरा पानं! आम्ही सगळे मिळून चौदा माणसं. माणशी एक पान, वर तीन उरली.

मी लिहिलं, "तोफखान्याचं तोंड शिवायचं तर जाड दोरा लागेल, माझ्याकडं आहे." सगळे हसले. तोही हसला, मेला.

७ मार्च

गोगलगायीनं आज काहीतरी पाठवलं. महिनाभरानं! ही ग्रुपात वर्षभर आहे. नावाच्या जागी नुसता आकडा आहे, शून्य चार. बाई की बुवा, कोण जाणे. बोलत नाही. एक प्रश्न विचारला की परवा उत्तर. म्हणून मी नाव ठेवलं गोगलगाय. पण काम असं की एक टाका इकडचा तिकडं नाही. यांच्यासारखं. हेही असेच, एक ओळ लिहून अर्धा तास बघत बसायचे.

मी लिहिलं, "आली का गोगलगाय? दार उघडून ठेवलं होतं, कुत्री आत आली!"

उत्तर नाही. परवा येईल.

८ मार्च

रविवार. लेकीचा फोन. तीन मिनिटं. हे गेल्यापासून घरी आलेली नाही, पण रविवारचा फोन चुकवत नाही. तब्येत, गोळ्या, पाऊसपाणी. मग म्हणाली, "आई, बाबांचा तो प्रोग्राम अजून चालतो का गं?"

मी म्हटलं, "तुला काय करायचंय? तुला अजून सुईत दोरा ओवता येत नाही!"

ती म्हणाली, "बरं. ठेवते."

११ मार्च

नियम लिहायला बसलो. म्हणजे मास्तर लिहितात, नर्सबाई वाचतात, मी मध्ये मध्ये खोड्या काढते. सतरा पानांची दीड केली. शिवीगाळ नको, कामावर बोला माणसावर नको, नवख्याला समजावून सांगा. ठीक.

कलम सहावर मात्र मी अडून बसले. मास्तरांचं म्हणणं, तक्रार झाली की दोघांना समोरासमोर बसवू. मी म्हटलं, अजिबात नाही!

गावच्या शाळेत पोरींनी माझी पाटी विहिरीत टाकली होती. मी बाईंना सांगितलं. बाईंनी भर वर्गात विचारलं, "हिनं तुमची नावं सांगितलीत, खरं का?" त्यानंतर आठवडाभर मी त्यांनी केसात अडकवलेले काटेरी गोखरू घेऊन घरी आले. आईनं शेवटी केसच कापले. म्हणून लिहून घेतलं — तक्रार कुणी केली ते शोधायचं नाही. कळलं तरी त्या माणसाशी स्वतःहून बोलायचं नाही, ना ग्रुपात, ना खासगीत, ना फोनवर. ते माणूस आपण होऊन बोलेपर्यंत.

मास्तर म्हणाले, "काकू, फार कडक होतंय."

मी म्हटलं, "कडकच हवं. कॉलर मऊ असली की मान झुकते."

काय बोलते ना मी! स्वतःवरच खूश झाले.

१४ मार्च

मतदान झालं. नऊ विरुद्ध तीन, दोघं गप्प. नियम आले. तक्रारी बघायला तिघं — मास्तर, नर्सबाई आणि मी! सातवी शिकलेली पंच. हे असते तर पोट धरून हसले असते.

तोफखान्यानं लिहिलं, "बघाल. पहिली शिकार भलत्याचीच होणार."

१९ मार्च

गोगलगायीनं मोठं काम काढलंय. आजवर प्रोग्राम दोन्ही खांदे सारखेच धरायचा. ती म्हणते, डावा वेगळा, उजवा वेगळा बेतता यायला हवा. बरोबरच आहे. सारख्या खांद्याचं माणूस मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. पण एवढं छान म्हणून गप्प बसेन तर ती मी कसली! लिहिलं, "एवढा खटाटोप कशाला गं गोगलगाय? तुझेच खांदे वाकडे आहेत की काय? आरशात बघ, शिंपी नको, सुतार लागेल!"

सात जण हसले. मोजले मी.

२३ मार्च

काल लेकीचा फोन नाही. मीही केला नाही. कामात असेल.

दुपारी मास्तरांचा फोन. आवाज पडलेला. "काकू, पहिली तक्रार आलीय."

मी म्हटलं, "तोफखाना! मी सांगितलंच होतं."

"नाही काकू." मग हळूच म्हणाले, "तुमच्यावर आहे."

मी हसले. खरंच हसले. ते हसले नाहीत.

२४ मार्च

नर्सबाईंनी निरोप पाठवला. माझीच अकरा वाक्यं, एकाखाली एक. सगळी गोगलगायीला लिहिलेली. एकेकटं वाचलं की गंमत वाटते. अकरा ओळीनं वाचली — पुढं वाचवेना.

खाली तक्रारीतलं एक वाक्य. "यांच्या मस्करीला उत्तर द्यायला मला कधीच जमलं नाही."

२६ मार्च

मला वाईट बोलायचं नव्हतं. कुणाला सांगू? समितीतून मला बाजूला केलंय, बरोबरच आहे. गोगलगायीला दोन ओळी लिहायला घेतल्या — अगं, मला तू आवडतेस म्हणून तर. बोट बटणावर होतं. कलम सहा आठवलं. पुसून टाकलं.

माझ्या माणसांवर मी अशीच माया करते. दुसरी रीत शिकलेच नाही. आमच्या घरी कुणी कुणाला जवळ घेत नसे, चिडवायचे. जास्त चिडवलं म्हणजे जास्त लाडकं.

हे तिला कोण सांगणार? मला तर बंदी.

२९ मार्च

रविवार. फोन नाही. मी लावला. वाजून वाजून बंद झाला.

२ एप्रिल

निकाल. तीन महिने ग्रुपात लिहायचं नाही. वाचायला मोकळीक आहे. आणि कलम सहा.

नर्सबाई फोनवर म्हणाल्या, "काकू, तुमच्याबद्दल आम्हाला कमी प्रेम नाही. पण नियम तुमच्यासाठी वेगळा लावला, तर तोफखान्याला कुठल्या तोंडानं लावणार?"

मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं." दुसरं काय म्हणणार? बरोबरच आहे.

४ एप्रिल

आणि आता माझा कैवारी कोण निघावा? तोफखाना! "ज्यांच्यासाठी हा प्रोग्राम लिहिला गेला त्यांनाच गप्प केलं! विधवा बाईला! काकूंना परत घेणार नसाल तर मी सगळं उचलून माझी वेगळी प्रत काढतो. या माझ्याबरोबर." चौघं जायला तयार! यांच्या प्रोग्रामचे दोन तुकडे, तेही माझ्या नावानं!

मला ओरडायचंय, अरे गाढवा, मी तुझ्या बाजूची नाही! नियम मलाच हवे होते, आजही हवेत! पण लिहायला बंदी. खिडकीबाहेर उभं राहून आपल्याच घरातलं भांडण बघतेय.

मास्तरांना फोन करून म्हटलं, त्याला सांगा, काकूंनी नको म्हटलंय. मास्तर म्हणाले, "सांगितलं. तो म्हणतो, हे तुम्ही दबावाखाली बोलताय."

९ एप्रिल

पाच शर्टांना काजं केली. बोलले कुणाशीच नाही.

१२ एप्रिल

फोन नाही. चौथा रविवार. शेजारणीनं विचारलं, लेक काय म्हणते? मी म्हटलं, मजेत आहे.

१६ एप्रिल

तोफखाना गेला. चौघांना घेऊन. वेगळी प्रत निघाली. आता उरले नऊ, त्यातली एक मुकी.

संध्याकाळी मास्तरांचा फोन. गोगलगायीचं खांद्याचं काम पूर्ण झालंय, नवीन आवृत्तीत घालायचं आहे. "बोलायची बंदी आहे काकू, मुंढा तपासायची नाही. तुमच्याशिवाय कोण बघणार?" बाही जिथं अंगाला जोडतात तो मुंढा. तो चुकला की सगळा कपडा चुकतो. म्हटलं, पाठवा. उद्या बघते.

१७ एप्रिल

मापांचा कागद उघडला. तपासायला तिनं एकाच माणसाची मापं घातलीत. नावाच्या जागी लिहिलंय — नमुना.

पाठ साडेतेरा. उजवा हात बावीस, डावा साडेएकवीस. डावा खांदा पाऊण इंच खाली.

नऊ वर्षांची असताना लेक जिन्यावरून पडली, हाड वाकडं जुळलं. तेव्हापासून तिच्या प्रत्येक कपड्यात डाव्या खांद्याखाली मी कापडाची घडी घालत आले. बाहेरून कुणाला कळायचं नाही. शाळेला निघताना दारातून हाक मारायची, चल गं गोगलगाय, घंटा झाली!

फोन समोर आहे. स्वतःहून बोलायचं नाही. माझंच कलम.

मास्तरांना एक ओळ कळवली, तिच्यापर्यंत जाईल तशी जाईल. "मुंढा तपासला. बरोबर बसतो. वाकडं कुठंच काही नाही."