बाकाचं तोंड

आई, यांगचौहून तुझ्या पायांवर डोकं टेकवतो.

मी बरा आहे. भात पोटभर मिळतो, हाताची जखमही भरत आली.

मिठाच्या व्यापाऱ्याच्या बागेत मंडप बांधतोय. काल घोळ घातला. बाक तळ्याकडे तोंड करून बसवायचा, तो मी फाटकाकडे बसवला. क्वाई मिस्त्री भडकले, "अरे, मालक इथे बसून कमळं बघणार, का पाहुण्यांना निरोप देणार?"

मी म्हणालो, "मंडप मुळात वाटेवरचेच ना, मिस्त्री? वाटसरूनं टेकावं, घरच्यांनी तिथवर पोचवायला यावं म्हणून बांधलेले. बागेत ते मागाहून आले."

ते म्हणाले, "तुला पोचवायला कोण आलं होतं?" निघताना निरोपाची म्हणून तू मोडून दिलेली वाळुंजाची डहाळी अजून हत्यारांच्या पेटीत आहे.

परवा गावचा नावाडी भेटला. म्हणाला, तू रोज वेशीबाहेरच्या मंडपात जाऊन बसतेस. खरं का गं? खोकला कसा आहे? धाकटी सोबत असते का?

हे काम वसंताआधी काही आटपत नाही. तोवर घरातच बस, आई. मंडप बांधणाराच सांगतोय, त्याला छप्पर असतं, भिंती नसतात.

तुझा शुन